उलटा धरलेला रिमोट

मागच्या रविवारी फोनवर तुम्हा दोघांची जुंपली होती. एकाला एका कंपनीचा नवा कन्सोल हवा, दुसरीला दुसऱ्या कंपनीचा. मध्येच कुणीतरी म्हणालं, "आजीला विचारू या!" आणि मग तुम्ही इतके हसलात की तुमच्या आईला फोन हातातून काढून घ्यावा लागला. मला राग आला नाही. पण या बाबतीत मला मत आहे, आणि ते फोनवर घाईत सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी आयुष्यात एकच कन्सोल जवळून पाहिला, दोन ब्राउझर वापरले आणि एका कंपनीला पत्र लिहिलं. हे सगळं एकाच वर्षात घडलं, दोन हजार सालाच्या आसपास, आमच्या घुग्घुसच्या घरात. त्या वर्षी जानेवारीत तुमच्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला.

जीव वाचला. वाचाही शाबूत राहिली. मार्चपर्यंत ते काठी घेऊन अंगणात फिरू लागले. उजवा हात मात्र मागे राहिला, आणि हातातही अंगठा. तो बोटांना भेटायचाच नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला आणि रोज दोनशे वेळा दाबायला सांगितला. आजोबांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीत ठेवून दिला. "चेंडू दाबत बसाले मी काय लहान पोट्टा हाये?"

मला नोव्हेंबरची काळजी होती. पेन्शन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन, आपण हयात आहोत, अशा कागदावर सही करावी लागते. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. कुणालाही चालला असता. तुमच्या आजोबांना चालणार नव्हता.

ते कोळसा खाणीत हजेरीबाबू होते. पाळी सुरू होताना खाणीच्या तोंडाशी खिडकीत बसायचं, समोर रजिस्टर आणि शाईचं पॅड. माणसं राजुऱ्याकडच्या खेड्यांतून यायची, तेलंगणातून यायची, छत्तीसगडातून यायची. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा धरायचा, पॅडवर टेकवायचा, रजिस्टरात उमटवायचा. पण आजोबांची स्वतःची एक रीत होती. नवा माणूस आला की ते त्याला रजिस्टरातलं खराब झालेलं पान आणि पेन्सिलीचा तुकडा द्यायचे. पानाच्या पाठीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं. "घरी गिरवजो. दिवाळीनंतर माह्या खिडकीवर अंगठा चालनार नाई." असा कुठलाही नियम नव्हता. तो त्यांनी केला होता आणि सगळे पाळायचे. तीस वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या पाळीच्या रजिस्टरात अंगठे जवळजवळ उरले नव्हते.

असा माणूस मला मार्चमध्ये म्हणाला, "मी अंगठा नाई लावत. पेन्शन बंद झाली तर होऊ दे." मी त्यांना चाळीस वर्षं ओळखत होते. ते खरंच लावणार नव्हते.

आता कन्सोलकडे येते. तुमच्या मामानं शाळेत असताना तो हट्टानं घ्यायला लावला होता. आमच्याकडे त्याला कन्सोल कुणी म्हणत नसे, व्हिडिओ गेम म्हणत. हातात धरायच्या वस्तूला रिमोट, आणि खेळाच्या डबीला कॅसेट. मी कॉलनीच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. माझं तेव्हाचं मत असं होतं की ही वस्तू मुलांची बुद्धी खाते. दहावीच्या वर्षी मी ती माळ्यावर टाकली. मात्र टाकताना मूळ खोक्यात, थर्माकोलसकट, माहितीपुस्तिकेसकट टाकली, कारण मी वस्तू तशाच ठेवते.

थंडीच्या रजया माळ्यावर चढवताना ते खोकं खाली आलं. आजोबा आरामखुर्चीत होते. त्यांनी काठी खोक्याकडे रोखली.

"त्याच्यात अंगठ्याचंच काम हाये नं?"

"कशाचं?"

"अवं, आपला पोट्टा खेळे तवा मी पाह्यत होतो. सारं अंगठ्यानंच करे. काढ बाहेर."

मी काढला, पुस्तिका वाचून जोडला. कॅसेटमध्ये एकच खेळ होता. डोंगरातून नदी उतरते, नदीत एक होडी, वाटेत दगड. रिमोटच्या डाव्या बाजूच्या चार दिशांच्या चौफुलीनं होडी वळवायची, उजव्या बाजूच्या बटणानं वल्हं मारायचं. एकदा दाबलं की एकच वल्हं. आजोबांनी उजवा अंगठा डाव्या हातानं उचलून बटणावर ठेवला. किती तरी वेळ काही झालं नाही. मग पडद्यावरची होडी अंगठ्याएवढी पुढे सरकली.

मी त्या वेळी हातात रजई घेऊन उभी होते आणि तशीच उभी राहिले. शाळेत मी विजेचे, रेडिओचे, चंद्रावर गेलेल्या माणसांचे धडे शिकवले होते, पण धडा वाचताना मला कधी असं झालं नव्हतं. ज्या अंगठ्यानं दोन महिन्यांत भाकरीचा तुकडा मोडला नव्हता त्याच्या एवढ्याशा हालचालीला दूर पडद्यावर उत्तर मिळालं होतं. आम्ही सगळे त्या हाताकडे कीव करत पाहायचो. यंत्राला तसं पाहता येत नव्हतं. बटण दबलं तर होडी जाई, नाही दबलं तर उभी राही, आणि दिवसभर उभी राहायला तिची काही हरकत नसे.

कन्सोलबद्दलचं माझं जुनं मत तिथे बदललं. चांगला कन्सोल तो, जो थोड्याशा दाबालाही उत्तर देतो आणि कंटाळत नाही. चित्रं किती खरी दिसतात हे मी त्याच्या खाली ठेवते. दुसरी गोष्ट, वीज गेली तरी आपण कुठवर आलो ते त्याच्या लक्षात राहायला हवं. आमच्या कोळशावर दूरदूरची शहरं उजळायची आणि घुग्घुसची वीज भर दुपारी जायची. वीज गेली की होडी नाहीशी, आली की पुन्हा डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात. मी चरफडायची. आजोबा म्हणायचे, "जाऊ दे नं. नदी कुठी पळून राह्यली?"

एप्रिल संपेपर्यंत ते अर्धी नदी उतरायला शिकले आणि जेवताना चमचा उजव्या हातात धरू लागले. मग मे आला आणि मी चूक केली.

आमच्याकडचा उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही. मे महिन्यात घरात जे जे जपायचं ते कूलरसमोर ठेवतात. तान्हं बाळ कूलरसमोर, बाळंतीण कूलरसमोर, पाहुणा कूलरसमोर. यंत्राला हात लावला तर ते तापलेलं लागलं. मी ते स्टुलावर ठेवून स्टूल कूलरच्या तोंडाशी सरकवलं. वाळ्याच्या ताट्यांतून ओली गार हवा दिवसभर त्यावर येऊ लागली. मला फार समाधान वाटलं.

आठवड्यानं आजोबांनी खेळणं सोडलं. रिमोट मांडीवर, टीव्ही बंद. विचारलं तर म्हणाले, "आज मन नाई." दुसऱ्या दिवशीही मन नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवताना चमचा पुन्हा डाव्या हातात घेतला.  चौथ्या दिवशी ते झोपलेले असताना मी टीव्ही लावला आणि रिमोट स्वतः हातात घेतला. बटण दाबलं. होडी हलली नाही. जोरात दाबलं, नखानं दाबलं, तरी नाही.

मी धावत जाऊन त्यांना उठवलं.

"अहो, बटण बिघडलंय! मी दाबलं तरी चालत नाही!"

ते उठून बसले. "तुह्यानंबी नाई होत?"

"नाही!"

"मले वाटलं अंगठा पुन्हा गेला." आणि मग या माणसानं, चार दिवस 'मन नाई' याशिवाय एक शब्द न बोललेल्या माणसानं, मलाच दटावलं: "मंग उभी काऊन हायेस? दुरुस्त करून आन नं!"

एखादी वस्तू बिघडली म्हणून इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी चंद्रपूरला गेले, खोकं मांडीवर घेऊन. तिथे बाजारात एक रेडिओ दुरुस्त करणारे चाचा होते. त्यांची मुलगी पूर्वी माझ्या वर्गात होती. आता तिनं वडिलांच्या दुकानात मध्ये पडदा लावून पलीकडे दोन कॉम्प्युटर मांडले होते आणि तासावर इंटरनेट द्यायची. पडद्याच्या अलीकडे राळेचा आणि तारा जोडायच्या तापल्या झाळणीचा वास, पलीकडे मोडेमचा आवाज.

चाचांनी रिमोट उघडला, आत पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, याले आंघोळ घालून राह्यल्या होत्या का तुमी?"

मी कूलरचं सांगितलं.

"या अल्ला! घुग्घुसचा कोळसा, वरून कूलरचं पाणी. हे पाहा, काजळ झालं पूरं. डोळ्यात घाला."

खरंच काजळच होतं. हवेतली कोळशाची धूळ ओलीनं चिकटून बटणाखाली काळा लेप बसला होता. चाचांनी ते रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं आणि मग शाळेतल्या साध्या खोडरबरानं तांब्याच्या पट्ट्या घासल्या. तेवढ्यात मी विचारलं की खेळ असतो तरी कुठे. त्यांनी कॅसेटही उघडून दाखवली. आत हिरव्या पट्टीवर काळा थेंब वाळलेला होता, कपाळावरच्या टिकलीएवढा.

"नदी, होडी, दगड, सब यातच हाये."

मी पर्समधून वाचायचा चष्मा काढून पाहिलं. नुसता थेंब होता. आजोबांचे तीन महिने त्यातून निघाले होते.

"पण बाई," चाचा म्हणाले, "ही नक्कल हाये. असली कंपनी परदेशातली. हे कोनी बनवलं, कोनाले ठाऊक. बटन पुन्हा जाईन."

मी खोकं फिरवून पाहिलं. सहाही बाजूंनी रंगीत चित्रं होती, पत्ता कुठेच नव्हता. कंपन्यांबद्दलचं माझं मत मी त्या दुकानात उभ्या उभ्या बनवलं आणि ते अजून बदललेलं नाही. जिच्या खोक्यावर पत्ता नाही ती कंपनी नव्हे. तुम्ही कुठलाही कन्सोल घ्या, आधी पत्र कुठे पाठवायचं ते पाहा.

नकलेच्या कंपनीला पत्ता नव्हता, म्हणून मी असलीला लिहायचं ठरवलं. रिमोट मजबूत मिळेल का, आणि ज्याला फक्त वल्ह्याचं बटण दाबता येतं त्याला पुढे काय करता येईल, एवढंच विचारायचं होतं. चाचांच्या मुलीनं मला पडद्यापलीकडे बसवलं. कंपनीचं पान उघडलं. वर चित्र, खाली पांढरं. लिहायची जागाच येईना.

"हा ब्राउझर असाच करते, बाई. थांबा, दुसऱ्यात पाहू." तिनं दुसऱ्या चिन्हावर टिचकी मारली. तेच पान, तोच पत्ता. आणि या वेळी पांढऱ्या जागेत चौकट उमटली.

मला हे समजायला वेळ लागला. पान तिकडे होतंच, पूर्ण होतं. एका दारातून पाहिलं तर अर्धं दिसत होतं, दुसऱ्या दारातून सगळं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा तिथे गेले तेव्हा वहीत दोन रकाने करून कुठलं पान कुठल्या ब्राउझरात नीट उघडतं ते लिहून ठेवलं. त्या दोहोंपैकी एकही पूर्ण चांगला नव्हता. तुमच्याकडे आता कुठला चालतो मला ठाऊक नाही. पान कोरं दिसलं तर दुसऱ्यातून पाहिल्याशिवाय कोरं समजू नका, एवढं माझं मत.

चौकटीत मी रीतसर पत्र लिहिलं. महोदय, विषय, तीन परिच्छेद, आपली नम्र. मुलगी मागे उभी राहून हसत होती.

"बाई, इतकं लांब कोनी नाई लिहत हो. दोन ओळी टाका."

"आजार दोन ओळींचा नाही."

"बरं बाप्पा. नाई तर तुमी आमचे मार्क कापाल."

पाठवलं. पत्र गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, कुठून गेलं, हे मी तिला तीनदा विचारलं. तिनं टेलिफोनच्या तारेकडे बोट दाखवलं. ती तार खिडकीतून बाहेर पडून समोरच्या कडुलिंबाला वळसा घालून खांबावर गेली होती. तिच्यावर एक कावळा बसला होता.

आठ दिवसांनी मी पुन्हा चंद्रपूरला गेले, आणि उत्तर आलेलं होतं. मला वाटलं होतं येणार नाही. मुलीनं ते कर्रकर्र करणाऱ्या प्रिंटरवर छापून दिलं. तो कागद मी बसमध्ये किती वेळा वाचला ते सांगत नाही. पहिला परिच्छेद कंपनीचा होता: आपण वर्णन केलेलं यंत्र आमचं नाही, त्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही, आमचे सुटे भाग आपल्या देशात मिळत नाहीत. खाली दुसरा परिच्छेद होता, आणि तो एका माणसाचा होता. लिहिणाऱ्याच्या आईलाही असाच झटका आला होता. अंगठा बटण दाबू लागल्यावर पुढची पायरी म्हणून त्यानं तिला रिमोट उलटा धरायला दिला होता. चौफुली उजव्या हाताखाली येते, तिच्यावर अंगठा चारी बाजूंना फिरवावा लागतो. दिशा उलट्या होतील. यजमानांना आधी राग येईल, मग सवय होईल.

समुद्रापलीकडे बसलेल्या कुणीतरी, माझं नाव उच्चारताही न येणाऱ्या कुणीतरी, आमच्या हाताचा विचार केला होता. त्याच्या कंपनीचं काहीही आम्ही विकत घेतलेलं नव्हतं. मी शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवलं, पण पत्र म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

घरी आले तर आजोबा दारातच होते. "काय म्हनते तुही कंपनी, मास्तरीणबाई?"

मी सांगितलं. त्यांनी रिमोट उलटा केला, होडी डावीकडे वळवायला डावीकडे दाबलं आणि ती उजवीकडच्या दगडावर आपटली.

"हे काय उलट्या खोपडीचं काम हाये!"

"राग येणार असं लिहिलंय."

"त्याले काय मालूम मले किती राग येते ते!"

आला, जून-जुलैभर आला. होडी रोज दगडांवर फुटायची. मी स्टूल कूलरपासून दूर नेलं होतं आणि यंत्रावर ओढणी टाकून ठेवायची. ऑगस्टमध्ये एक दिवस मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरून काहीच आवाज येत नव्हता, आपटण्याचा नाही, शिव्यांचाही नाही. येऊन पाहिलं तर होडी दगडांमधून नागमोडी चालली होती. अंगठा चौफुलीवर इकडून तिकडे, वरून खाली फिरत होता. डावीकडे जायला उजवं दाबायचं, हे त्यांच्या डोक्यातून केव्हा हातात उतरलं ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी दारात उभी राहून पाहिलं. माणसाचं शरीर हे काय आहे, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजून सुटलेला नाही.

सप्टेंबरात मी पेन्सिल दिली. पहिल्या दिवशी ती तीनदा पडली. मी वहीच्या पानावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं, तर त्यांनी वही ओढून घेतली. "माह्यं नाव मले ठाऊक हाये." सकाळी होडी, दुपारी वही. जुनी सही लांब, तिरपी, झोकदार होती. ती परत आली नाही. नवी सही उभी होती, अक्षरं सुटी, शाळेतल्या मुलासारखी. पण ऑक्टोबर संपेपर्यंत रोज सारखीच येऊ लागली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बँकेत गेलो. रांगेत निम्मे लोक खाणीतलेच, निवृत्त. "रामराम बाबू!" सगळीकडून. खिडकीवरच्या तरुण कारकुनानं कागद दिला. आजोबांनी सही केली. त्यानं कार्डावरची जुनी सही काढली, दोन्ही शेजारी धरल्या आणि मान हलवली.

"काका, जुळत नाही हो. अंगठा लावून टाका ना, एका मिनिटाचं काम आहे." आणि त्यानं पॅड पुढे सरकवलं.

"मी अंगठा नाई लावत."

"काऊन पण?"

 आजोबांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला. मला भीती वाटली की ते आता वळतील आणि चालू लागतील, आणि सगळं तिथेच संपेल. मी कारकुनाला विचारलं की सही बदलली तर बँकेची रीत काय आहे. तो आत साहेबांकडे गेला आणि नवं कार्ड घेऊन आला. त्यावर तीन चौकोन होते. तिन्ही सह्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, तर हीच सही यापुढे चालेल.

आजोबांनी हात खिशातून काढला. पहिल्या सहीला इतका वेळ लागला की रांगेत मागे कुणीतरी चुळबूळ केली. तेव्हा त्याच रांगेतून एक म्हातारा जोरात म्हणाला, "चूप राह्य बे! मले एक अक्षर शिकवता शिकवता बाबूची दिवाळी गेली होती. त्यायले टाइम लागन तेवढा लागू दे."

दुसरी सही. मग तिसरी. त्यांचा अंगठा पेनावर चढत होता, वळत होता, थांबत होता. कारकुनानं कार्ड जवळ घेतलं, तिन्ही चौकोनांवर पट्टी ठेवून पाहिली, पुन्हा पाहिली. मग पॅडचं झाकण लावून ते खणात टाकलं.

"झालं काका. तारीख मी टाकतो."

"काऊन?" आजोबा म्हणाले. "मले येते तारीख." आणि त्यांनी पेन पुन्हा नीट धरलं, कागद स्वतःकडे ओढला आणि दिवस, महिना, वर्ष असे सगळे आकडे एकेक करून लिहिले, आणि सगळी रांग थांबली.